मदत हवी आहे: एडगर मॉब्सबद्दल

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये, विशेषतः नॉर्दॅम्प्टनच्या आसपास राहणाऱ्यांची मदत हवी आहे.

मी एडगर मॉब्सवर लेख लिहितेय. नॉर्दॅम्प्टन रग्बी क्लबचा कप्तान, 1909-10 मध्ये इंग्लंडकडून सात सामने खेळलेला. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा वय 32, म्हणून सैन्याने त्याला अधिकारीपद नाकारलं. हा गडी साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि आपल्या शब्दावर अडीचशेच्या आसपास खेळाडू, चाहते सोबत नेले! पुढे तोच नॉर्दॅम्प्टनशायर रेजिमेंटच्या सातव्या बटालियनचा लेफ्टनंट कर्नल झाला. 31 जुलै 1917 ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या तिसऱ्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, मशीनगनच्या ठाण्यावर चालून जाताना पडला. मृतदेह सापडलाच नाही. नाव ईप्रमधल्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर कोरलंय. त्याच कमानीवर आपल्या भारतीय जवानांचीही नावं आहेत.

मला अडलंय ते हे: हल्ल्याच्या वेळी तो रग्बीचा चेंडू शत्रूच्या दिशेने लाथाडायचा, असं सगळीकडे सांगतात. याला त्या काळातला लेखी पुरावा कुणी पाहिलाय का? एखादं पत्र, बातमी, काहीही. ऐकीव गोष्ट मला छापायची नाही.

लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये बटालियनच्या युद्धडायऱ्या असतात. तिथे काम केलेलं कुणी असेल तर जुलै 1917 ची पानं कशी मागवायची ते कृपया सांगा. आणि नॉर्दॅम्प्टनमधल्या त्याच्या स्मारकाचा, कोरलेली अक्षरं वाचता येतील असा फोटो कुणी काढून दिला तर फारच उपकार होतील.