म्हाताऱ्या बोक्याची शुगर ३१२: मधुमेह की दवाखान्याची धास्ती?

सायली_कोथरूड
आमचा गोट्या १३ वर्षांचा, अंगाने चांगलाच भरलेला. दात साफ करायचे म्हणून रक्त तपासलं, तर शुगर ३१२ निघाली. डॉक्टर म्हणाले, बहुतेक इन्सुलिन सुरू करावं लागेल. पण रिक्षात तो पूर्ण रस्ता ओरडत होता, दवाखान्यात समोरच कुत्रे बसलेले, आणि रक्त काढताना दोघांनी दाबून धरलं. घरी खाणंपिणं नेहमीसारखं आहे. आई म्हणते घाबरला असेल, मला मात्र काळजीने झोप नाही. आधी कुठली तपासणी करून घेऊ? आणि पुढच्या वेळी त्याला न घाबरवता न्यायचं कसं?

मनीमाऊ
सायली, तुझ्या आईचं म्हणणं खरं असू शकतं. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर बाहेर सोडतं. एरवी दीडशेच्या आत असणारी शुगर अशा वेळी तीनशेच्या पुढे गेलेली दिसते. नुसत्या एका आकड्यावर इन्सुलिन देऊ नकोस. मधुमेह नसलेल्या मांजराला इन्सुलिन दिलं तर शुगर एकदम उतरते, झटके येतात, जीवही जाऊ शकतो.
डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी करायला सांग. आपल्याकडे माणसांची एचबीए१सी करतात, त्याच धर्तीची. मागच्या एकदोन आठवड्यांची सरासरी कळते, त्या दिवशीच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. थायरॉइडही बघून घ्या. या वयात ते वाढलेलं असलं तर फ्रुक्टोसामाइन खोटं कमी येतं.

पक्या_ठाणे
घरची लघवी तपासा. रक्तातली साखर साधारण २७०च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडायला लागतात. शी-शूच्या ट्रेमध्ये नेहमीच्या मातीऐवजी (कॅट लिटर) धुतलेली फिशटँकची खडी घाला, तिच्यात लघवी शोषली जात नाही. सिरिंजने थोडी ओढून स्ट्रिपवर टाका. साखर आणि कीटोन (साखर वापरता येत नाही तेव्हा शरीर चरबी जाळून तयार करतं ते) दोन्ही दाखवणारी स्ट्रिप मेडिकलमधून आणा. घरी येऊन एकदोन दिवस झाले, मांजर शांत आहे, तरी दरवेळी साखर दिसतेय, तर ती भीतीची नाही.
ग्लुकोमीटरने कानाच्या कडेवरून थेंब घेता येतो, कान आधी कोमट फडक्याने शेकायचा. मात्र माणसांचं मशीन मांजराची शुगर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून तो आकडा डॉक्टरांना दाखवून मगच काय ते ठरवा.

वृंदामावशी
वरचं सगळं बरोबर, पण "घाबरला होता" म्हणून विषय सोडून देऊ नका गं. म्हातारा, जाड बोका म्हणजे मधुमेहाचा धोका खरोखरच जास्त असतो. पाणी किती पितो ते मोजून भांड्यात घाल. लघवीचे गोळे मोठे झालेत का? भरपूर खाऊनही पाठीचा कणा हाताला लागतोय का? मागचे पाय टेकवून, टाचांवर चालतोय का? सांधेदुखीला किंवा खाजेला स्टेरॉइड दिलं होतं का, हेही आठव, त्यानेही शुगर चढते. आणि खाणं सोडलं, उलट्या झाल्या, मलूल पडला, किंवा स्ट्रिपवर कीटोन दिसले, तर फ्रुक्टोसामाइनच्या रिपोर्टची वाट बघू नकोस, त्याच दिवशी ने.

सायली_कोथरूड
मावशी, स्टेरॉइड नाही दिलेलं. पाणी आजपासून मोजते. तपासणीसाठी परत न्यावंच लागेल ना? बास्केट दिसली की पलंगाखाली जातो.

मनीमाऊ
बास्केट माळ्यावर ठेवू नकोस, कायम बाहेर, दार उघडं. त्याची नेहमीची चादर आत घाल आणि खाऊ तिथेच दे. वरून उघडणारी असेल तर उत्तम, दवाखान्यात वरचा भाग काढून त्याला आतच बसू देऊन तपासता येतं. प्रवासात वरून टॉवेल टाक. वेटिंगमध्ये बास्केट जमिनीवर ठेवू नकोस, मांडीवर घे. दवाखान्यात फोन करून कुत्री नसतील अशी वेळ मागून घे, तोवर खाली रिक्षात थांब.
गॅबापेंटिन या औषधाबद्दल डॉक्टरांना नक्की विचार. निघण्याच्या दोनेक तास आधी दिलं की बरीच मांजरं शांत राहतात. मात्र वजन आणि किडनीचा रिपोर्ट बघून डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, घरातली माणसांची गोळी तोडून नाही.

पक्या_ठाणे
काही डॉक्टर घरी येऊनही रक्त घेतात. एकदा विचारून बघा. आणि वजन उतरवायच्या घाईत त्याला उपाशी ठेवू नका. जाड मांजर दोनतीन दिवस जेवलं नाही तरी यकृतात चरबी साचून गंभीर आजारी पडतं.

सायली_कोथरूड
डॉक्टरांशी बोलले. फ्रुक्टोसामाइन आणि थायरॉइडला लगेच हो म्हणाले, तोवर इन्सुलिन नाही. गॅबापेंटिन लिहून दिलंय, दुपारची रिकामी वेळही मिळाली. रिपोर्ट आला की इथेच टाकते.