मदत हवी आहे: शवासनात कुणी घाबरतं, कुणी रडतं, कुणाला 'काहीच जाणवत नाही' (इंदूर, योगवर्ग)

रामबागकर

नमस्कार मंडळी. इंदुरात लोकमान्य नगर भागातल्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी 7 ते 8.30 योगवर्ग असतो. नऊ जण, वय 45 ते 70, सगळे मराठी. आसनं झाली की शेवटची 25 मिनिटं शवासनात शरीर-निरीक्षण घेतलं जातं: डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मग डोक्यापासून पायांपर्यंत लक्ष न्या. मानसोपचाराचा दावा नाही. शरीराकडे बघता बघता मनात काय चाललंय ते थोडं कळावं, एवढाच हेतू. अडतंय ते असं:

दोघींना दीर्घ श्वास सुरू केला की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला धडधड होते, ओठांभोवती मुंग्या येतात. दोघींची बीपीची गोळी चालू आहे.

एक काका दर वेळी 'काहीच जाणवत नाही' म्हणतात. खांदे मात्र कानाला टेकलेले.

एका बाईंना लागोपाठ दोन रविवार रडू आलं. बाकीचे आठ जण पाणी, रुमाल घेऊन धावले. त्या ओशाळल्या आणि तिसऱ्या रविवारी आल्याच नाहीत.

क्रम बदलावा का? रडू आलं तर नेमकं काय करावं? कुणाला या भागात घेऊ नये, आणि पुढे पाठवायचं तर इंदुरात कुणाकडे? तत्त्वज्ञान नको, कृती सांगा.

सावकाश

पहिल्या आणि तिसऱ्या अडचणीचं मूळ बहुधा एकच आहे: तुमची सुरुवात आतून होतेय. डोळे बंद, श्वास, छाती, सगळं आतलं. ज्याला आत आधीच धोका वाटतो त्याला तुम्ही थेट तिथेच नेऊन सोडता. बाहेरून आत या. आधी हॉलमधले आवाज, मग तळपाय, पाठ, हात. छाती आणि पोट अगदी शेवटी, आणि तेही ज्याला हवं त्यानेच.

आता मुंग्या. 'दीर्घ श्वास' ऐकलं की लोक छाती भरभरून, भराभर घेतात. शरीर स्वस्थ पडलेलं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड तयार होतोय कमी आणि बाहेर जातोय जास्त. रक्तातलं त्याचं प्रमाण घटलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं. रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं, मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठ आणि बोटं झिणझिणतात. अशा वेळी 'अजून खोल घ्या' म्हटलं की संपलंच. श्वास लहान करायला सांगा. तोंड बंद, नाकाने 4 आकड्यांत आत, 6 आकड्यांत बाहेर; आकडा सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. पोट नुसतं हलावं, फुगवायचं नाही. हवा कमी पडल्यासारखं वाटलं तर 3 आणि 4 वर या. मोजणीपायी जीव टांगणीला लावू नका. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय अजिबात नको, हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुखणं असेल तर तो अंगाशी येतो.

वय आणि बीपी बघता एक अट: ही धडधड 'घाबरल्यामुळेच' असं वर्गात कुणी ठरवायचं नाही. आधी डॉक्टर आणि ईसीजी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम असं काही दिसलं तर वर्ग तिथेच थांबवून रुग्णवाहिकेसाठी 108.

श्वास नीट असूनही काहींना अंग सैल सोडलं की भीती वाढते. हाइड आणि बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये नेमकी हीच गोष्ट अभ्यासात मांडली होती. सतत सावध राहायची सवय झालेल्याला सैल होणं म्हणजे पहारा सोडून झोपणं वाटतं. अशांना आडवं करू नका. खुर्चीवर बसवा, पाठ भिंतीकडे, दार दिसेल असं, डोळे उघडे आणि नजर समोर दोन हात अंतरावर जमिनीकडे.

रामबागकर

पाठ भिंतीकडे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये सगळ्यांची डोकी दाराकडे असतात. मागून कुणी आलं की दचकतातच. आणि काकांचं काय?

मूठ

काका खरंच सांगताहेत. सतत आखडलेल्या स्नायूची खबर येणंच बंद होतं. मनाला बदल जाणवतो, कायमची गोष्ट नाही. म्हणून 'खांदे सैल सोडा' म्हणून उपयोग नाही. उलट सांगा: खांदे अजून वर, अगदी कानापर्यंत. 5 ते 7 सेकंद धरा, ताकद निम्मी. मग सावकाश खाली, आणि 20 ते 30 सेकंद नुसतं बघायचं. स्नायू ताणून सोडण्याची ही अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांची शंभर वर्षांपूर्वीची पद्धत. तुमच्या वयोगटात तीन ठिकाणी गडबड होते. ताणताना लोक श्वास कोंडतात, त्याने बीपी चढतं. त्यांना मोठ्याने आकडे म्हणायला लावा, बोलताना श्वास कोंडता येत नाही. पायाची बोटं पुढे ताणली तर पोटरीत गोळा येतो. चवडा नडगीकडे ओढायला सांगा. मानेचा त्रास असेल तर मान वगळा.

दुसरं, 'काय जाणवतंय?' हा प्रश्नच टाका. तो परीक्षेतला प्रश्न वाटतो. दोनातलं एक विचारा:

— काका, उजवा तळवा जास्त गरम आहे की डावा?
— ...डावा.
— सतरंजीला पाठीचा कुठला भाग टेकलेला नाही?
— कमरेचा.
— तिथे हवा गार लागते का?
— नाही. ओढल्यासारखं होतंय.

'ओढल्यासारखं'! झालं की सुरू. इथे लगेच 'कशाचा ताण आहे?' विचारू नका, काका पुन्हा 'काही नाही'वर जातील.

शब्दांच्या बाबतीत आपण मराठी माणसं श्रीमंत आहोत. पोटात गोळा, पोटात खड्डा, छातीवर दगड, घशाशी आवंढा, काळजात धस्स, हुरहुर, कालवाकालव, भरून येणं, दाटून येणं. भावना कुठे बसते ते भाषेतच लिहून ठेवलंय. पण यात एक खोच आहे. तयार वाक्प्रचार माणूस आत न बघताच बोलून टाकतो. 'छातीवर दगड' म्हणाले की विचारा: केवढा, लिंबाएवढा की पाट्याएवढा? मध्ये की डावीकडे? श्वास सोडताना हलका होतो का? उत्तर द्यायला थांबावं लागलं तर माणूस खरंच आत बघतोय. फटकन आलं तर ती बोलायची रीत.

मानसशास्त्रज्ञ यूजीन जेंडलिन यांनी 'फोकसिंग' या आपल्या पद्धतीत हेच पायऱ्यांनी बसवलं आहे. आधी अंगातली अस्पष्ट, अजून नाव नसलेली जाणीव. मग तिला एक शब्द, त्याला ते 'हँडल' म्हणतात, म्हणजे मूठ. मग तो शब्द पुन्हा त्या जाणिवेशी ताडून बघायचा. 'भीती' म्हटलं, आत काही हललं नाही. 'लाज' म्हटलं आणि खांदे उतरले, तर शब्द बसला. शब्द ज्याचा त्याने शोधायचा. शिक्षकाने सुचवला की माणूस भिडेखातर हो म्हणतो, आणि आपल्या लोकांत भीड फार.

इंदुरी_कैरी

हे सगळं फारच हळू वाटतंय. दडपलेलं रडू-राग एकदाच बाहेर काढून टाकलं तर? उशीवर ठोसे, मोठ्याने ओरडणं, दोन दिवसांच्या शिबिरांत असतं तसं.

सावकाश

कैरीताई, राग म्हणजे कुकरमधली वाफ नव्हे, शिटी काढली की संपली असं होत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात चिडवलेल्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला, गप्प बसलेल्यांचा त्याहून कमी राहिला. शिबिरात दोन दिवस हलकं वाटतं, गर्दीचाही परिणाम असतो. मंगळवारी ऑफिसात काय करायचं ते कुणी शिकवत नाही. 'मांडीच्या अमुक स्नायूत आघात साठलेला असतो, तो दाबून काढतो' म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहावं.

मूठ

रडण्याबद्दल. धावून जाणाऱ्या आठ जणांची माया खरी आहे, पण त्या बाईंना निरोप पोचतो तो 'आवरा आता' असा. सत्र सुरू होण्याआधीच, कुणी रडत नसताना, सांगून ठेवा: डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्यायचं, बाकीच्यांनी आपल्या जागी राहायचं, रुमालांचा डबा प्रत्येकाच्या हाताशी आहे. न विचारता हात लावायचा नाही, पाठीवरूनसुद्धा.

मग फक्त बघा. रडण्यात श्वास चालू आहे, चेहरा हलतोय, हाक मारली तर 'हं' येतं, तर काही करू नका. लाट बहुधा आपोआप उतरते. पण नजर एका जागी खिळली, आवाज सपाट झाला, उत्तर उशिरा येतंय, हात गार पडलेत, तर ते रडणं राहिलेलं नाही, माणूस मनाने तिथून निघून गेलाय. लगेच: नाव घेऊन हाक, डोळे उघडायला सांगणं, उठवून बसवणं, दोन्ही टाचा जमिनीवर दाबायला लावणं, 'खिडकीला गज किती आहेत, मोजून सांगा.' काय आठवलं ते विचारायचं नाही. तो प्रश्न उपचारकाच्या खोलीतला, हॉलमधला नव्हे.

न आलेल्या बाईंना फोन करा. 'का आला नाहीत' नको. 'या वेळी खुर्चीवर बसून करू, डोळे उघडे ठेवून, मधेच बाहेर गेलात तरी चालेल' एवढंच.

वर्गानंतर लगेच स्कूटरवर पाठवू नका. दहा मिनिटं पोहे होऊ द्या. जिरावणाचा (पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याचा) आंबट-तिखट चटका, बडीशेपेचा दाणा, गरम जिलबीचा चिकटपणा याहून चांगला जमिनीवर आणणारा उपाय मला तरी माहीत नाही. इंदूरकरांना तो आयताच मिळालाय. मधुमेहींनी जिलबी वगळा.

पत्ता

कुणाला घेऊ नये: भास किंवा उन्मादाचा आजार असलेले, अलीकडेच स्वतःला इजा केलेले, दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोडायच्या बेतात असलेले. यांना हलकी आसनं चालतील, हे नको, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संमती असल्याशिवाय. फिट येणाऱ्यांना जोराचा श्वास कधीच नको, त्याने झटका येऊ शकतो.

कुणाकडे: औषधाची गरज ठरवायला मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमडी डॉक्टर. बोलण्यातून उपचाराला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो. तो निःसंकोच मागा, खऱ्या माणसाला राग येत नाही. शरीराधारित पद्धतीचं प्रमाणपत्र त्यावरचं शिक्षण समजा, त्याच्या जागी नव्हे. इंदुरात बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे, नावाला घाबरू नये. रात्री-अपरात्री टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, 14416, फुकट.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. येत्या रविवारसाठी असं बसवलंय, तपासा: 3 मिनिटं खुर्चीवर, डोळे उघडे, बाहेरचे आवाज. 4 मिनिटं तळपाय. 6 मिनिटं मुठी आणि खांदे ताणून सोडणं. 5 मिनिटं शवासन, डोळे मिटून. 4 मिनिटं बसून एकेक शब्द. 3 मिनिटं पोह्यांकडे कूच.

सावकाश

पहिले चार रविवार 'डोळे मिटून' खोडा; मिटायचे त्याने मिटावेत. एकेक शब्द सांगायची पाळी लावू नका, ज्याला सांगायचं तो सांगेल, काकांची पाळी आली की पुन्हा खांदे वर जातील. शवासनाआधी पंखा एकवर करा आणि चादरी ठेवा. आसनांचा घाम वाळला की अंग शहारतं, आणि त्या दोघींना तेवढंही धडधड सुरू व्हायला पुरतं.