दिवाळीच्या कार्यक्रमातला आयरिश नाच: ट्रॅक लावायचा की वादक बोलवायचे?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार मंडळी,

इथे आयर्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाची यादी जवळपास पक्की झाली आहे. यंदा आपल्या चार मुलींचा आयरिश नाच आहे, साधारण दहा मिनिटांचा. आधी सॉफ्ट शूजमध्ये (मऊ तळव्यांचे बूट) रील आणि स्लिप जिग, शेवटी हार्ड शूजमध्ये (टापा वाजवणारे कडक बूट) ट्रेबल जिग. ही तिन्ही नाचांच्या प्रकारांची नावं. दोन पालकांनी सुचवलंय की संगीत ट्रॅकवर न लावता अकॉर्डियन आणि फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणारे दोघं बोलवावेत. मानधन द्यावं लागेल, माइकही वाढतील. समितीत एकमत झालं नाही म्हणून सगळ्यांना विचारतो आहे. रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: साउंड सांभाळणारा

मी ट्रॅकच्या बाजूने आहे. हॉल आपल्याला दुपारी दोनला मिळतो, साउंड चेकला जेमतेम तास असतो, आणि त्यातली चाळीस मिनिटं नाट्यसंगीताला लागतात. लागणारच, पेटी, तबला, तानपुरा आणि दोन गायक आहेत. त्यात आणखी दोन वाद्यं आली तर लहान मुलांच्या नाटकाला माइक तपासायलाही वेळ उरणार नाही. शिवाय मुली वर्षभर क्लासमध्ये ट्रॅकवरच सराव करतात. ज्याची सवय आहे तेच स्टेजवर मिळालं तर त्या बिचकणार नाहीत. १९९४ च्या युरोव्हिजन गाण्यांच्या स्पर्धेत मध्यंतरात झालेला रिव्हरडान्स हा आयरिश नाच सगळ्यांना माहीत आहे, त्याचाच ट्रॅक लावला तर प्रेक्षकही लगेच रमतील.

प्रेषक: थोरली-धाकटीची आई

नमस्कार,

वादक बोलवा म्हणणाऱ्या दोघांपैकी मी एक. मोठं लिहिते आहे, पण वाचा.

मागच्या वर्षी एका कार्यक्रमात (आपल्या मंडळाच्या नव्हे) थोरली ट्रेबल जिग करणार होती. तिची जिग ७३ ची, म्हणजे मिनिटाला ७३ ठोके. लॅपटॉपवर दोन फायली शेजारी-शेजारी होत्या, दोन्हींचं नाव ट्रेबल जिग, आणि लागली ती ९२ ची. नवशिक्या मुली ९२ वर नाचतात, वरच्या पातळीवर गती ७३ वर येते. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण ठोका जितका संथ, तितक्या त्याच्या पोटात जास्त टापा भरता येतात, आणि वरच्या स्टेप्स त्यासाठीच बांधलेल्या असतात. एक स्टेप, म्हणजे नाचाचा एक तुकडा, सोळा बारची (या जिगमध्ये एक बार म्हणजे दोन ठोके), आठ उजव्या पायावर आणि तेच आठ डाव्या पायावर. ७३ वर ती साधारण २६ सेकंदांत होते, ९२ वर २१ सेकंदांत.

पाच सेकंदांनी काय होतं, असं वाटेल. मी पहिल्या रांगेतून तिच्या पायांकडेच बघत होते. चौथ्या बारला टाचेवर टाच वाजायला हवी होती, ती हुकली. मग तिने टापा गाळायला सुरुवात केली, जे जमेल तेवढंच वाजवत राहिली. डावा पाय सुरू व्हायच्या वेळी ती चक्क थांबली. हात अंगाशी सरळ, मान ताठ, शिकवलं होतं तशीच, आणि पुढच्या आठाची वाट बघत उभी. सोळा बार गेले. ट्रॅक चालूच. घरी येताना गाडीत तिने बूट मांडीवर धरून ठेवले होते, एक शब्द बोलली नाही.

आता दुसरा प्रसंग. धाकटीच्या क्लासच्या मुली एका वृद्धाश्रमात नाचल्या. शिक्षिकेच्या ओळखीचे एक आजोबा अकॉर्डियन घेऊन आले होते. सुरुवातीचे आठ बार वाजवताना त्यांची नजर बोटांवर नव्हती, मुलींच्या बुटांवर होती. धाकटी रीलमध्ये चुकली, बाजूच्या मुलीकडे बघत उभी राहिली. आजोबांनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि पुढच्या भागात न जाता आधीचेच आठ बार पुन्हा घेतले. या धुनांची बांधणीच तशी आहे, पहिला भाग आठ बारचा दोनदा, मग दुसरा आठ बारचा दोनदा. एखादा भाग आणखी एकदा वाजला तर ऐकणाऱ्याला खटकत नाही. धाकटीने पाय उचलला आणि नाचात परत आली. समोर बसलेल्या आज्यांपैकी कोणाच्या काही लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

फेशमध्ये, म्हणजे इथल्या नाचाच्या स्पर्धेत, वादक असा कोणासाठी थांबत नाही, हे मान्य. तिथे गती ठरलेली असते आणि ती सगळ्यांना सारखीच मिळायला हवी. पण तिथेसुद्धा स्टेजच्या कडेला अकॉर्डियन आणि कीबोर्ड घेऊन माणसंच बसलेली असतात. वरच्या पातळीवर सेट डान्सच्या, म्हणजे एका ठरावीक धुनेवरच करायच्या एकटीच्या नाचाच्या, आधी मुलगी स्वतः जाऊन आपल्या सेटचं नाव आणि हवी ती गती वादकाला सांगते. ‘सेंट पॅट्रिक्स डे’ नावाच्या सेटमध्ये पहिला भाग आठ बारचा आणि पुढचा चौदाचा. ते वाजवणाऱ्याला पाठ असतं. एवढ्याशा मुलीने वादकासमोर उभं राहून आपली गती सांगायची, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या स्टेजवरही तिला ते मिळावं.

प्रेषक: नाना (तबला)

सर्वांस नमस्कार.

हल्ली घरी रियाजाला मीही लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) अ‍ॅपवरच लावतो, त्यामुळे यंत्राला नावं ठेवणार नाही. एकट्याने बसून हात तयार करायला त्याच्यासारखा सोबती नाही, थकत नाही की गती सोडत नाही. पण बैठकीत पेटीवर लेहरा धरणारा माणूस लागतो. तिहाई समेवर येताना तो श्वास रोखतो ते मला ऐकू येतं. लावणीत ढोलकी आणि घुंगरांची जुगलबंदी ज्यांनी समोर बसून ऐकली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ढोलकीवाला बाईच्या पावलांकडे बघून वाजवतो.

इथेही तसंच आहे. पश्चिमेला कोनेमाराकडे शॉन-नोस नावाचा जुना नाच आहे, त्यात स्टेप्स आधी बसवलेल्या नसतात. पूर्वी घराचं दार बिजागरीवरून काढून जमिनीवर टाकायचे आणि त्यावर नाचायचे, टापा नीट वाजाव्यात म्हणून. वाद्य नसलं तर कोणीतरी तोंडाने धून म्हणायचं, त्याला लिल्टिंग म्हणतात. आपल्या पढंतीची, म्हणजे तोंडाने बोल म्हणण्याची, आठवण होते. आणि अकॉर्डियनला इथले वादक आपसांत ‘बॉक्स’ म्हणतात. आपण हार्मोनियमला पेटी म्हणतो, अगदी तसंच. डब्लिनमध्ये स्मिथफील्डच्या एका पबमध्ये पहिल्यांदा ते कानावर पडलं तेव्हा मला एकदम घरच्यासारखं वाटलं होतं.

वादक जरूर बोलवा. मानधनात माझे पन्नास युरो धरा.

प्रेषक: स्लिप जिगवालीची आई

माझी काळजी वेगळी आहे. माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. तिच्या ट्रॅकमध्ये सुरुवातीला पियानोचा एक विशिष्ट सूर येतो, तो आला की ती पाय पुढे टाकते. फिडलवाल्याने दुसरीच धून वाजवली तर तिला कळणार नाही कुठे उचलायचं. स्लिप जिग नऊ मात्रांची, मोजून सापडत नाही. वादक आले आणि ती उभीच राहिली तर?

प्रेषक: थोरली-धाकटीची आई

ताई, ही काळजी अगदी खरी आहे, आणि धाकटीच्या वेळी मलाही होती. तुमच्या ट्रॅकवर धुनेचं नाव असेल तर ते मला पाठवा, नसेल तर ट्रॅकच पाठवा. ऐकून वादक ओळखतील आणि तीच धून वाजवतील. त्या दोघांनाही ११३ ची स्लिप जिग वाजवून दोन आठवडे आधी फोनवर पाठवायला सांगते. मुली घरी त्यावरच सराव करतील. आणि एक तालीम त्यांच्यासोबत समोरासमोर झालीच पाहिजे, तालमीशिवाय बोलवण्यात अर्थ नाही. माझ्या घरची खोली त्यासाठी मोकळी करते. तिथे मोजायचं नाही, आठ बार नुसते ऐकायचे आणि वादकाने मान हलवली की पाय टाकायचा, एवढंच तिला शिकवू या.

प्रेषक: साउंड सांभाळणारा

दोन्ही प्रसंग वाचले. ७३ आणि ९२ ची भानगड मला माहीतच नव्हती, आणि ती माझ्या हातूनही सहज झाली असती. माझं मत बदललं आहे.

काल रिव्हरडान्सचा ट्रॅक हेडफोन लावून ऐकला. त्यात टापा आधीच वाजलेल्या आहेत. तो लावला तर आपल्या मुलींच्या टापा कुठल्या आणि रेकॉर्डिंगमधल्या कुठल्या, हे मागच्या रांगेला कळणारच नाही. हार्ड शूज हेही वाद्यच आहे, ते ऐकू यायला हवं. जमिनीवर ठेवायचे दोन चपटे माइक माझ्याकडे आहेत, ते स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवतो. अकॉर्डियनला एक माइक, फिडलला एक, आणि दोघांना अशा कोपऱ्यात बसवू की त्यांना मुलींचे पाय दिसतील. तरीही एखादा वादक आजारी पडू शकतो, म्हणून तिन्ही ट्रॅक हाताशी ठेवतो. ब्लूटूथवर नाही, केबलने. फायलींची नावं अशी द्या: रील ११३, स्लिप जिग ११३, ट्रेबल जिग ७३.

साउंड चेकसाठी मला वीस मिनिटं हवीत. नाट्यसंगीतवाल्यांना विनंती, यंदा तुमची चाळीसची पंचवीस होऊ द्या.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

नमस्कार,

उत्तरांबद्दल आभार. वादक बोलवायचं ठरलं. नानांचे पन्नास आणि समितीचे उरलेले, असं मानधन होईल. वादकांना किती द्यायचं हे त्यांनाच विचारू, घासाघीस करायची नाही. जेवायला ते आपल्यासोबत पंगतीला बसतील.

परवान्याचंही सांगतो. पारंपरिक धुना कोणाच्या मालकीच्या नाहीत, पण रेकॉर्डिंगवर हक्क असतो. दिवसभरात इतर कार्यक्रमांत ट्रॅक वाजणारच आहेत, त्यामुळे हॉलचा संगीत परवाना चालू आहे का ते मी लेखी विचारलं आहे.

आता फरशीचा प्रश्न. हॉलला टाइल्स आहेत आणि खाली काँक्रीट. हार्ड शूजसाठी ते घसरडं, आणि गुडघ्यांना वाईट. आठ बाय चार फुटांचे प्लायवूडचे चार तुकडे लागतील, कडा टेपने चिकटवायच्या. दोन माझ्या गॅरेजमध्ये आहेत. उरलेले दोन कोणाकडे आहेत का, आणि शनिवारी सकाळी व्हॅन कोण आणू शकेल?