तीस फुटी केसरच्या शेंड्याला औषध पोचत नाही: एचटीपी, ब्लोअर की छाटणी?

दिंडोरी_केसर:
राम राम मंडळी. केसर आंब्याची जुनी बाग आहे, ३० बाय ३० फुटांवर. झाडं २८-३० फूट, फांद्या एकमेकांत गेलेल्या. ट्रॅक्टरवर तीन पिस्टनचं एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी पंप), साडेआठ मिमीची १०० मीटर नळी, एकच गन. खालचा घेर धुतल्यासारखा ओला होऊन टपकतो, पण शेंड्याच्या मोहोरावर तुडतुडे तसेच, आणि पानांवर चिकटा, काळी बुरशी. औषधाचं प्रमाण वाढवू, की निफाडकडून द्राक्षाचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने फवारणारं यंत्र) भाड्याने आणू?

पिस्टन_वॉशर:
प्रमाण वाढवू नका, दादा. औषध कमी पडत नाहीये, ते वर जातच नाहीये. आधी प्रेशर बघा, तेही पंपावर नाही. गनच्या मागे टी (तीन तोंडांचा जोड) टाकून तिथे गेज, म्हणजे प्रेशरचा काटा, लावा. साडेआठच्या नळीतून मिनिटाला १५ लिटर जायला लागले की १०० मीटरमध्ये २० किलोच्या आसपास प्रेशर नळीच खाते. पंपावर काटा ३० दाखवतो, गनला उरतं आठ-दहा. मग गडी मूठ फिरवून धार सरळ करतो. धार शेंड्याला लागते खरी, पण थेंब जाड पडतात, मोहोर झोडपला जातो आणि औषध पानावरून घरंगळतं. तुडतुडा बसलाय पानाच्या खालच्या अंगाला आणि मोहोराच्या दांड्याला!

नळी १० मिमीची घ्या, तेवढ्याच पाण्याला प्रेशरची गळती निम्म्याच्या आत येते. ट्रॅक्टर ओळीत आत घालून नळी ५० मीटरवर आणली तर आणखी निम्मी. गन काढून १०-१२ फुटी लान्स (फवारणीची लांब दांडी) लावा, टोकाला पोकळ शंकूसारखा फवारा सोडणारी दोन नोझल, एक सरळ वर आणि एक तिरकं. लान्स फांद्यांच्या फटीतून आत सारायचा आणि आतून वर मारायचं. बागेवरून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमचा पाइप नको, ओला बांबूही धोक्याचा; तारेजवळ लान्स उभाच करू नका.

आणि गन किंवा लान्स एकदा मिनिटभर बादलीत धरा. १२ लिटर भरले आणि झाडाला १५ लिटर द्यायचे असतील तर एका झाडाला ७५ सेकंद लागतात. बहुतेक गडी चाळीसमध्ये पुढे सरकतात, त्यातले तीस खालच्या घेरावर. शेंड्यापासून सुरुवात करायला सांगा. खाली तसंही वरून गळून येतंच. गंधक मारणाऱ्यांच्या नोझलची चकती लवकर झिजते, नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी सोडू लागली की बदलायची.

बांधावरून:
ब्लोअरचं बोलतो. ब्लोअरचं काम पाणी फेकणं नाही, झाडातली हवा हुसकावून तिथे औषधाची हवा भरणं. तासाला किती हवा लागते याचा हिशोब साधा आहे: तासाचा वेग मीटरमध्ये, गुणिले झाडाची उंची, गुणिले दोन ओळींतलं अंतर. दाट झाडाला दोनाने भागा, विरळ झाडाला तीनाने. तुमच्याकडे उंची आणि अंतर दोन्ही ३० फूट, म्हणजे ९ मीटर; ताशी २ किमी वेगाने २००० × ९ × ९, म्हणजे १,६२,००० घनमीटर, निम्मे ८१,००० घनमीटर तासाला. नऊ-दहा फुटी गाळ्यातल्या द्राक्षासाठी बनवलेला ब्लोअर याच्या जवळपासही जात नाही. भाड्याचे पैसे वाचवा.

सकाळी दव वाळल्यावर, वारा पडलेला असताना फवारा. दव असताना मारलं तर पानाची पाणी धरायची जागा आधीच भरलेली असते. आणि मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक नको, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात.

दिंडोरी_केसर:
आणि ड्रोन?

बांधावरून:
एकरी दहा लिटर पाण्यात वरचा छत्रा भिजेल. आतल्या आणि खालच्या अंगाचं काय?

कलम_कात्री:
वरच्या दोघांचं बरोबर, पण फांद्या एकमेकांत गेल्यात तोवर सगळी मलमपट्टी. काढणी झाली की लगेच, जून संपायच्या आत, झाडाच्या मधल्या उभ्या सरळ फांद्यांपैकी एक-दोन बुडापासून काढा. खोडाशी उभं राहून वर पाहिलं की आकाशाचे तुकडे दिसले पाहिजेत. उंची एका वर्षात निम्मी करायला जाऊ नका. नुसती पालवी फुटते आणि मोहोर हुकतो. तीन वर्षांत १८-२० फुटांवर आणा. कापाला बोर्डो पेस्ट: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. पेस्ट लोखंडी भांड्यात करू नका. छाटलेल्या झाडावर खोडकिड्याचा भुसा दिसतो का, तेही पाहत राहा. तुडतुडे मोहोर नसताना खोडाच्या सालीच्या फटींत दडतात, म्हणून मोहोरापूर्वीच्या फवारणीत खोड आणि जाड फांद्याही भिजवा.

डोक्याच्या वर फवारणाऱ्या माणसाला टोपी, चष्मा, मास्क, लांब बाह्या द्या. पाणी त्याच्याच अंगावर येतं. २०१७ ला यवतमाळात माथ्याएवढ्या कपाशीत फवारताना माणसं दगावली ती विसरू नका.

दिंडोरी_केसर:
या मोसमापुरती १० मिमी नळी आणि लान्स करतो. शेंड्याला पोचलं की नाही, हे खालून कसं कळणार?

पिस्टन_वॉशर:
पाणी लागलं की निळा होणारा पिवळा कागद मिळतो. लांब बांबूला चिमटे लावून तीन कागद शेंड्यात, तीन मध्ये, तीन खाली अडकवा. प्रत्येक ठिकाणी एक पानाच्या खालच्या बाजूला. बोटाला ओल असेल तर कागद आधीच डागळतो, हातमोजे घाला. टाकीत साधं पाणी भरून एकच झाड मारा. कीटकनाशकाला चौरस सेंटीमीटरमध्ये २० ते ३० थेंब पुरतात, स्पर्शजन्य (जिथे पडेल तिथेच काम करणाऱ्या) बुरशीनाशकाला ५० ते ७०. पूर्ण निळा झाला तर तिथे औषध वाया जातंय.