मदत हवी आहे: 'व्हिट्रिअस'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

पुण्यात शाळेतल्या मुलांसाठी खनिजांचं एक छोटं प्रदर्शन मांडतोय. नमुन्यांखालच्या मराठी पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आहे. बहुतेक नमुन्यांच्या वर्णनात 'व्हिट्रिअस लस्टर' (काचेसारखी चमक) येतंच, मग ते वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट असो, स्टिल्बाइट असो की साधी गारगोटी. लॅटिनमध्ये 'व्हिट्रम' म्हणजे काच, त्यामुळे 'काचाभ' किंवा 'काचसदृश' हे प्रतिशब्द लगेच सुचतात. खरी अडचण पुढे आहे.

काचेसारखं म्हटलं की मुलं 'आरपार दिसणारं' असं धरून चालतात. खनिजांच्या बाबतीत हा शब्द फक्त चमकेबद्दल आहे. गुलाबी फेल्डस्पारमधून पलीकडचं काही दिसत नाही, तरी त्याची चमक व्हिट्रिअसच. चमक बरीचशी अपवर्तनांकावर, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याच्या मापावर ठरते. खिडकीच्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२ आणि गारगोटीचा १.५४, म्हणून दोघींची चमक सारखी. हिऱ्याचा २.४२, म्हणून त्याच्या चमकेचं नावच वेगळं. अपोफिलाइटची तर गंमतच आहे: एकाच स्फटिकाचं सपाट टोक मोत्यासारखं चमकतं आणि बाजू काचेसारख्या. हे मुलांनी स्फटिक हातात धरून, फिरवून बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

डोळ्यातलं 'व्हिट्रिअस' पाहिलं तर तिथे चमकेचा काही संबंध नाही. भिंग आणि दृष्टिपटल यांच्यामधला तो जेलीसारखा, बहुतांशी पाण्याचा पदार्थ नितळ असतो म्हणून त्याला ते नाव. व्हिट्रिफाइड टाइल्स आरपार नसतात, मॅट असल्या तर चमकतही नाहीत. भट्टीत मातीतला काही भाग वितळून काच होतो आणि फरशी इतकी घट्ट बनते की पाणी फारसं शोषत नाही.

म्हणजे काचेचे तीन वेगळे गुण आणि इंग्रजीत मूळ शब्द एकच. तिन्हीकडे 'काचाभ' वापरणं मला पटत नाही. पाटीवर सरळ 'चमक: काचेसारखी' लिहून खाली 'खनिज अपारदर्शक असलं तरी' अशी ओळ जोडावी, असं वाटतंय.

भूशास्त्र मराठीतून शिकलेल्या किंवा शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं: वर्गात तुम्ही कोणता शब्द वापरता? आणि 'लस्टर'ला चमक बरी की तकाकी? तकाकी म्हटलं की मला पॉलिश केलेली वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि हे स्फटिक तर खडकातून निघतात तसेच मांडणार आहोत.