जुन्या पीसीवर लिनक्स टाकताना टॅलीचं काय?

सोलापुरातल्या चादरीच्या दुकानाचा पीसी आहे, तिसऱ्या पिढीचा आय3 आणि 4 जीबी रॅम. विंडोजऐवजी त्यावर "सरळ लिनक्स मिंट टाका" (मिंट म्हणजे लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) असा सल्ला मिळतो, तो मला निम्माच पटतो. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) व इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती मात्र इथे नीट चालेल. आधी हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी (जास्त वेगवान ड्राइव्ह) बसवा, खरा फरक त्यानेच पडतो.

पण टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाही, आणि वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवायचं सॉफ्टवेअर) भरवशावर जीएसटीचा हिशेब कृपया सोडू नका. मॅक घेतला तरी हाच प्रश्न. त्यामुळे ड्युअल बूट करा, म्हणजे एकाच पीसीवर दोन्ही सिस्टिम ठेवा: विंडोज फक्त टॅलीपुरतं, जीएसटी पोर्टल आणि ईमेल मिंटमधल्या फायरफॉक्सवर.

यात दोन गोष्टी हमखास अडतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउन पूर्ण होतच नाही. मग मिंटमध्ये विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा त्याचा भाग) नुसतं वाचता येतं, कधी उघडतही नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. दुसरं घड्याळ. लिनक्स मदरबोर्डवर यूटीसी वेळ (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं, म्हणून सकाळी दहाला साडेचार दिसतात. मिंटमध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड वापरून हार्डवेअरचं घड्याळ स्थानिक वेळेवर आणा.

आणि पार्टिशनला हात लावण्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्याच.