विषय: वसुलीवाल्यांचे फोन, नंदगडहून

मंडळी, नमस्कार.
माझी जाऊ नंदगडला (कर्नाटक, बेळगाव जिल्हा) असते. बायकांच्या गटातून फायनान्सचं कर्ज काढलं होतं, दोन हप्ते थकले. आता सकाळी सातपासून फोन. परवा शेजारणीला फोन करून, "त्यांना सांगा, नाहीतर दारात येऊन बसतो." अमेरिकेत रात्री नऊनंतर फोन करता येत नाही म्हणतात, तेच तिला सांगू का? चिठ्ठ्याही सगळ्या कन्नडमधून, तिला कन्नड अक्षर वाचता येत नाही.
– नंदगडवाली

वहिनी,
ते नियम अमेरिकेतच राहू देत. सकाळी आठ ते रात्री नऊ हा 1977 चा अमेरिकन कायदा. एका कर्जासाठी सात दिवसांत सातहून जास्त फोन झाले तर छळ धरायचा, ही त्यात 2021 पासूनची भर. खानापूर तालुक्यातल्या वसुलीवाल्याला हे ऐकवलंत तर तो हसेल.

गटाचं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, छोटं बिनतारण कर्ज. त्याला रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम आहेत: वसुलीसाठी फोन सकाळी नऊच्या आधी नाही, संध्याकाळी सहानंतर नाही. (बँकेच्या इतर कर्जांना आठ ते सात.) सारखे फोन करणं, शिवीगाळ, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास, थकबाकीदारांची नावं जाहीर करणं, सगळं मना. कर्जाचं कार्ड आणि कागद तिला कळेल त्या भाषेत द्यायला हवेत; तिने मराठीतून मागावेत, संकोच नको.

आता महत्त्वाचं. जाऊबाई वसुलीच्या बैठकीला, म्हणजे गटाचे हप्ते गोळा करतात तिथं, गेल्या होत्या का? ठरल्या जागी लागोपाठ दोनदा गैरहजर राहिलं तरच त्यांना घरी येता येतं. पैसे नसले तरी जाऊन बसायचं, वहीत हजेरी लावून घ्यायची. लाजेनं घरी बसतात बायका, आणि तिथंच फसतात.

तक्रार आधी कंपनीकडे, लेखी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. फुकट असतं.
– टिळकवाडीचे काका

काका, एक विचारू का? आमच्या शहापुरात कर्ज म्हटलं की सोसायटी. त्यांनाही नऊ-सहा लागू?
– शहापूरकर

नाही बाबा. क्रेडिट सोसायटी, म्हणजे पतसंस्था, सहकार खात्याखाली, रिझर्व्ह बँकेखाली नाही. नावात 'सहकारी बँक' असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पावतीवर काय छापलंय ते आधी वाच. धमकी असेल तर मात्र कर्ज कुणाचंही असो, सरळ पोलीस ठाणं.

कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी 2025 मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला: दहा वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. त्यावरून 'कर्ज माफ झालं' अशी आवई उठते. ती सवलत नोंदणी नसलेल्या सावकारांच्या कर्जापुरती. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपनीचं देणं लागतंच.
– काका

काका, कार्डाचा फोटो मागवला. कंपनी नोंदलेली आहे. शेवटच्या बैठकीला ती गेलीच नव्हती, आधीच्या वेळी मात्र होती. उद्यापासून फोनची वेळ लिहून ठेव म्हटलंय, शेजारणीलाही. पोलिसांत द्यायचा अर्ज कन्नडमध्ये नीट लिहून देणारं कुणी आहे का इथे? माझं कन्नड बाजारापुरतंच.
– नंदगडवाली